निवृत्तिवेतन आणि तारखेची भिंत

(सरकारी कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक यांच्या कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत ३१ मे या दिवसाला एक वेगळेच महत्त्व आहे. गावच्या शाळेत नाव घालावयास आणलेल्या मुलाच्या जन्माची नोंद आईबापांजवळ नसे. मग गुरुजी शाळेचे नवे वर्ष सुरू होण्याची सोय पाहून १ जून ही तारीख लिहून टाकीत. लेखणीच्या त्या एका फटकाऱ्याने ‘जन्मलेली’ ही मुले पुढे तलाठी झाली, शिक्षक झाली, परिचारिका आणि शिपाई झाली. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे ही सारी माणसे एकाच सायंकाळी, शाल आणि श्रीफळ हाती घेऊन, कचेरीच्या पायऱ्या उतरतात. केरळातही ३१ मे रोजी असेच घडते.

माणसाच्या आयुष्याची तारीख त्याला न विचारता दुसऱ्याने लिहावी, ही गोष्ट गुरुजींच्या बाबतीत निरागस होती. राज्यकर्ते जेव्हा तारखा लिहितात, तेव्हा तसे नसते. सरकारी नोकराने कोणत्या दिवशी घरी जावे, आणि घरी गेल्यावर त्याला काय मिळावे, हे दोन्ही प्रश्न आपल्या देशात शंभराहून अधिक वर्षे तारखांनी सोडविले गेले आहेत. आणि प्रत्येक तारखेबरोबर कर्मचाऱ्यांच्या मधोमध एक भिंत उभी राहिली आहे. अलीकडची आणि सर्वांत धोक्याची भिंत संसदेने मार्च २०२५ मध्ये बांधली. ती समजून घ्यावयाची तर थोडे मागे जाणे प्राप्त आहे.

प्रथम निवृत्तीच्या वयाचा विचार करू. ब्रिटिश अमदानीत १ जानेवारी १९२२ पासून ‘मूलभूत नियम’ अमलात आले. त्यांतील ५६ व्या नियमाने सर्वसाधारण कर्मचाऱ्यासाठी ५५ वर्षांची मर्यादा घातली. स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षे ती तशीच राहिली. १९६२ च्या अखेरीस केंद्र सरकारने ती ५८ केली, आणि पाचव्या वेतन आयोगानंतर, मे १९९८ मध्ये, ६०. राज्यांचा कारभार वेगळा. महाराष्ट्राने आपल्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना ५८ वर ठेवले, चतुर्थ श्रेणीला ६० दिले. केरळ अनेक दशके ५५ वर राहिले आणि २०१२ मध्ये ५६ वर आले.

वाढते आयुर्मान, अनुभवी माणसांची गरज, तरुणांना संधी अशी कारणे या प्रत्येक निर्णयाच्या वेळी सांगितली गेली. त्यांत तथ्य मुळीच नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु ही कारणे किती सोयीची असतात हे पाहावयाचे असेल, तर आंध्र प्रदेशाकडे वळावे. तेथे फेब्रुवारी १९८३ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या नव्या सरकारने निवृत्तीचे वय ५८ वरून ५५ वर आणले. तीन वर्षांची नोकरी आणि त्या वेतनाच्या हिशेबावर ठरविलेली मुलीची लग्ने, मुलांची शिक्षणे, घराची कर्जे हे सारे उराशी धरून बसलेले हजारो कर्मचारी २८ फेब्रुवारी १९८३ या एका दिवशी घरी गेले. कारण सांगितले गेले ते तरुणांच्या बेकारीचे. पुढे ऑगस्ट १९८४ मध्ये, सत्तांतराच्या धामधुमीत, वय पुन्हा ५८ झाले. राज्याची विभागणी झाल्यावर २०१४ मध्ये ते ६० झाले. जानेवारी २०२२ मध्ये जगन मोहन रेड्डी सरकारने ते ६२ केले; आणि तेही अशा वेळी की वेतनवाढीच्या तुटपुंज्या आकड्यावरून कर्मचारी रस्त्यावर उतरण्याच्या तयारीत होते. चाळीस वर्षांत ५५, ५८, ६०, ६२! या काळात आंध्रातील तरुणांची बेकारी कधी संपली आणि कधी सुरू झाली, याचा आलेख या आकड्यांशी कोणी जुळवून दाखवावा.

जुळतो तो आलेख तिजोरीचा. कर्मचारी निवृत्त झाला की सरकारला त्याचे उपदान, रजेचा पगार, निवृत्तिवेतनाच्या विकलेल्या भागाची रक्कम असे बरेच काही एकरकमी द्यावे लागते. वय दोन वर्षांनी वाढविले की हा खर्च दोन वर्षे पुढे जातो. वय कमी केले की वरच्या वेतनश्रेणीतील माणूस जाऊन त्याच्या जागी तळाच्या वेतनावरचा माणूस घेता येतो, किंवा जागा रिकामीच ठेवता येते. सरकारला ज्या वर्षी जे सोयीचे, ते त्या वर्षी शास्त्रशुद्ध.

या बाबतीत डाव्या चळवळीलाही सरळ उत्तर सापडलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. केरळात २९ ऑक्टोबर २०२२ रोजी राज्य सरकारने सार्वजनिक उपक्रमांतील निवृत्तीचे वय ६० करण्याचा आदेश काढला. सरकार डाव्या आघाडीचे होते. आणि त्या आदेशाविरुद्ध उठलेल्या आवाजांत डाव्या युवक संघटनांचे आवाजही होते. चार दिवसांत आदेश स्थगित झाला. लोकसेवा आयोगाच्या यादीत नाव लागून वर्षानुवर्षे वाट पाहणारा पदवीधर आणि साठीपर्यंत नोकरी मिळावी म्हणणारा कामगार, हे दोघेही एकाच घरात, एकाच ताटाभोवती बसलेले असतात. दोघांचीही मागणी न्याय्य आहे. जागाच वाढत नाहीत, तेथे बापाची खुर्ची मुलाला द्यावयाची की नाही असा प्रश्न उभा करणे म्हणजे दोघांनाही फसविणे होय.

मूलभूत नियम ५६ ला आणखी एक पोटकलम आहे, आणि त्याची ओळख असल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. या पोटकलमान्वये सरकार ‘सार्वजनिक हितार्थ’ तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन कर्मचाऱ्याला वेळेआधी घरी पाठवू शकते. वरच्या वर्गात पस्तिशीच्या आत नोकरीस लागलेल्याला ५० नंतर, इतरांना ५५ नंतर. ही शिक्षा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच सांगितले. त्यामुळे आरोपपत्र नाही, चौकशी नाही, बाजू मांडण्याची संधी नाही. जून २०१९ मध्ये प्राप्तिकर खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांवर याचा वापर झाला, तेव्हा भ्रष्टांना धडा म्हणून टाळ्या पडल्या. ऑगस्ट २०२० मध्ये सर्व खात्यांनी अशा आढाव्यासाठी नोंदवह्या ठेवाव्यात, असे परिपत्रक निघाले. भ्रष्ट अधिकाऱ्याविषयी कोणालाही जिव्हाळा असण्याचे कारण नाही. पण चौकशीवाचून काढण्याचे हत्यार टाळ्यांच्या गजरात एकदा परजले की ते संघटनेच्या शाखा सचिवावर केव्हा चालेल, हे सांगता येत नाही.

आता निवृत्तिवेतनाकडे वळू.

१८७१ चा पेन्शन कायदा असे सांगत होता की पेन्शनसंबंधीचा दावा दिवाणी न्यायालयाने ऐकू नये. ऐकावयाचा तर आधी जिल्हाधिकाऱ्याचा दाखला हवा. राजाने इनाम दिले, राजाने काढून घेतले; त्यावर फिर्याद कसली? ही वृत्ती राजाबरोबर गेली नाही. स्वतंत्र भारताच्या सरकारी वकिलांनीही निवृत्तिवेतन हे सरकारच्या मर्जीचे दान आहे, असा युक्तिवाद न्यायालयात केला. बिहारच्या शिक्षण सेवेतील देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये तो फेटाळला आणि निवृत्तिवेतन ही कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे असे ठरविले.

त्यानंतर आली ती १९७९ ची तारीख. २५ मे १९७९ च्या आदेशाने केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाचे सूत्र सुधारले. पूर्वी शेवटच्या छत्तीस महिन्यांच्या वेतनाची सरासरी धरीत, ती आता दहा महिन्यांची झाली; टक्केवारीचे टप्पे सुधारले; कमाल मर्यादा वाढली. सुधारणा चांगली होती. पण ती मिळणार होती ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना. ३० मार्चला घरी गेलेला माणूस जुन्या हिशेबात राहिला. दोघांनी एकाच टेबलावर तीस वर्षे काम केले असेल, दोघांना एकाच बाजारात एकाच भावाने डाळ विकत घ्यावी लागत असेल. पण एक दिवसाच्या फरकाने दोघांची म्हातारपणे निराळी.

डी. एस. नाकरा हे संरक्षण मंत्रालयातून १९७२ मध्ये निवृत्त झालेले अधिकारी. त्यांनी, एका निवृत्त सैनिकी अधिकाऱ्याने आणि ‘कॉमन कॉज’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. मुख्य न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल दिला, निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिले. त्याचा गाभा असा : निवृत्तिवेतन हे दान नव्हे, कृपा नव्हे; ते आधी केलेल्या सेवेचा मोबदला आहे, आणि उतारवयातील सामाजिक संरक्षणही आहे. निवृत्तिवेतनधारक हा एक वर्ग आहे. मनाला येईल ती तारीख घालून त्याचे दोन तुकडे करणे हा समतेच्या तत्त्वाचा भंग होय. (राज्यघटनेच्या सरनाम्यातील ‘समाजवादी’ या शब्दाचा आधार या निकालपत्राने घेतला. तो समाजवाद मार्क्सवाद आणि गांधीवाद यांचे मिश्रण असून त्याचा ओढा गांधीवादाकडे अधिक आहे, असेही न्यायमूर्तींनी सांगून ठेवले. त्यावर अभ्यासवर्गात एखादी संध्याकाळ सहज जाईल. पण त्या एका शब्दामुळे लाखो म्हाताऱ्यांच्या पदरात काही पडले, हे विसरू नये.) त्या दिवसापासून देशभरातील संघटना १७ डिसेंबर हा निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळतात.

या निकालातील एका मुद्द्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. सरकारचे म्हणणे असे होते की नव्या लोकांसाठीची सुधारणा जुन्यांना कशी देणार? न्यायालयाने उत्तर दिले की सरकारी निवृत्तिवेतनाचा वेगळा असा निधी मुळी नाहीच. ते कर्मचाऱ्यांच्या वर्गणीतून साठविलेल्या थैलीतून येत नाही, राज्याच्या सर्वसाधारण उत्पन्नातून येते. थैली असती तर एकाला अधिक दिल्याने दुसऱ्याचा वाटा घटला असता. येथे तसे काही नाही. म्हणून वाटेकऱ्यांत भिंत घालण्याचे कारणही नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

नाकरा निकालाने मार्ग खुला केला. कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना १ जानेवारी १९६४ पासून सुरू झाली होती. त्याआधीच्या कर्मचाऱ्यांच्या विधवा तारखेच्या पलीकडे राहिल्या होत्या. १९८५ मध्ये श्रीमती पूनामल यांच्या खटल्यात त्या अलीकडे आल्या. निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसा घेतलेल्यांचा तो भाग जन्मभर कापला जात असे. १९८६ मध्ये ‘कॉमन कॉज’च्याच अर्जावर तो पंधरा वर्षांनी पूर्ववत करण्याचे ठरले.

पण न्यायालय हे न्यायालयच असते. याच चंद्रचूड यांनी जानेवारी १९८५ मध्ये आंध्रातील ५५ वर्षांचा आदेश वैध ठरविला, हेही सांगितले पाहिजे. निवृत्तांमध्ये भिंत घालता येत नाही. नोकरीत असलेल्याला मात्र तीन वर्षे आधी भिंतीबाहेर ढकलता येते!

रेल्वे कामगारांची कहाणी याहून बोलकी आहे. रेल्वेत १९५७ पर्यंत निवृत्तिवेतन नव्हतेच. भविष्य निर्वाह निधी होता. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे, त्यावर रेल्वेची भर, आणि निवृत्तीच्या दिवशी एकरकमी थैली. १९५७ मध्ये निवृत्तिवेतन आले आणि जुन्यांना निवड करण्यास सांगण्यात आले. त्या काळी पुष्कळांनी थैलीच पसंत केली. त्यात मूर्खपणा नव्हता. भाव स्थिर होते, हातात पडणारी रक्कम डोळ्यांना दिसत होती, आणि सरकार पुढे काय देईल याचा भरवसा कोणाला? पुढे भाव चढत गेले. निवृत्तिवेतनात सुधारणा होत गेल्या, महागाईची भरपाई मिळू लागली, विधवेला आधार मिळाला. थैलीवाल्यांची थैली मात्र जेवढी होती तेवढीच राहिली, आणि तीत दरसाल कमी धान्य मावू लागले. आम्हांलाही निवृत्तिवेतनाकडे येऊ द्या, असे म्हणत ते नाकरा निकाल हाती घेऊन न्यायालयात गेले. कृष्णकुमार खटल्यात १९९० मध्ये घटनापीठाने त्यांना नकार दिला. निधीवाला आणि निवृत्तिवेतनवाला हे वेगवेगळे वर्ग. निधी हाती दिला की सरकारचे कर्तव्य संपले, असे कारण दिले गेले.

कर्तव्य संपले! शासनातील हुशार माणसांनी या कहाणीतून जो धडा घेतला, तो तेरा वर्षांनी दिसला. सरकारला कर्मचाऱ्याच्या म्हातारपणाची जबाबदारी कायमची टाळावयाची असेल, तर त्याला निवृत्तिवेतन देऊ नये, थैली द्यावी.

२२ डिसेंबर २००३ ची अधिसूचना हेच करते. वाजपेयी सरकारने काढलेल्या या अधिसूचनेनुसार सैन्यदले वगळता १ जानेवारी २००४ रोजी किंवा त्यानंतर केंद्रीय सेवेत आलेल्याला जुने निवृत्तिवेतन नाही. त्याच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्यातून १० टक्के कापावे, सरकारने तेवढेच घालावे (एप्रिल २०१९ पासून सरकारचा वाटा १४ टक्के झाला), आणि हा पैसा निधी व्यवस्थापकांनी बाजारात गुंतवावा. निवृत्तीच्या वेळी किमान ४० टक्के रकमेची विमा कंपनीकडून वार्षिकी विकत घ्यावी. काय मिळेल? बाजार देईल ते. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून ‘परिभाषित अंशदान’ या भारदस्त नावाने हाच मार्ग धरला. नावातच सारे आले : अंशदान परिभाषित आहे, निवृत्तिवेतन नाही.

हिशेब करून पाहावा. समजा एखाद्या लिपिकाच्या खात्यात निवृत्तीच्या दिवशी दहा लाख रुपये जमले. त्यांतील चार लाखांची वार्षिकी घेतली आणि दर सहा टक्के धरला, तर वर्षाला चोवीस हजार, म्हणजे महिन्याला दोन हजार रुपये पडतात. सगळेच दहा लाख गुंतविले तरी पाच हजार. याच माणसाचे शेवटचे मूळ वेतन चाळीस हजार असते आणि तो जुन्या योजनेत असता, तर पूर्ण सेवेनंतर त्याला वीस हजार आणि त्यावर महागाईची भरपाई मिळाली असती. वेतन आयोगागणिक त्यात सुधारणा झाली असती. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. थैली मोठी असेल तर ते सुधारतील. पण वार्षिकीचा आकडा पहिल्या महिन्यात जेवढा, तेवढाच विसाव्या वर्षी, हे थैलीच्या आकाराने बदलत नाही.

या भिंतीला विरोध झालाच नाही असे नाही. तामिळनाडूत तर ती केंद्राआधी, १ एप्रिल २००३ पासून उभी झाली. निवृत्तिलाभांत केलेल्या कपातीविरुद्ध जुलै २००३ मध्ये तेथील कर्मचारी व शिक्षक संपावर गेले, तेव्हा जयललिता सरकारने सुमारे १ लाख ७० हजार जणांना एका फटक्यात बडतर्फ केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. बहुतेकांना माफीपत्र घेऊन कामावर परत घेतले गेले. पण ६ ऑगस्ट २००३ च्या निकालात न्यायालयाने असे म्हटले की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक असा कोणताही हक्क नाही. नव्या निवृत्तिवेतन योजनेची अधिसूचना या निकालानंतर पाच महिन्यांच्या आत निघाली.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. त्या वेळी संघटनांच्या सभासदांतील जवळजवळ प्रत्येक जण १ जानेवारी २००४ च्या अलीकडचा होता. त्याला सांगितले गेले, तुला धक्का लागणार नाही. ज्यांना धक्का लागणार होता, ते तेव्हा शाळा-कॉलेजांत होते. सभासद नव्हते, मतदारही नव्हते. विरोधाचे ठराव झाले, निदर्शने झाली, संपही झाले. निधी नियामक प्राधिकरणाचे विधेयक डाव्या पक्षांच्या विरोधामुळे संसदेत वर्षानुवर्षे रखडले आणि २०१३ मध्येच कायदा होऊ शकला. पश्चिम बंगालने नवी योजना स्वीकारलीच नाही, त्रिपुराने २०१८ पर्यंत रोखून धरली. परंतु कचेऱ्याकचेऱ्यांतून जी आग भडकावयास हवी होती, ती भडकली नाही. महाराष्ट्रातील ज्या कर्मचाऱ्यांनी र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली १९७७-७८ मध्ये केंद्राप्रमाणे महागाई भत्त्यासाठी ५४ दिवसांचा संप केला, त्यांच्यात धैर्याची उणीव होती असे कोण म्हणेल? उणीव होती ती स्वतःच्या पोटाला चिमटा नसताना दुसऱ्यासाठी लढण्याची. तारखेची भिंत बांधणाऱ्याला हेच हवे असते.

वीस वर्षांनी भिंतीपलीकडचे बहुसंख्य झाले आणि चित्र पालटले. २०२२ पासून राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश या राज्यांनी जुन्या निवृत्तिवेतनाकडे परतण्याचे निर्णय जाहीर केले. कर्मचाऱ्यांच्या नावे जमा झालेला पैसा परत देण्यास केंद्राने नकार दिला. १४ ते २० मार्च २०२३ या काळात महाराष्ट्रातील लाखो कर्मचारी आणि शिक्षक ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत संपावर गेले. घोषणेत इंग्रजी शब्द मराठीइतकेच आहेत, पण मागणी गावच्या म्हातारीलाही समजली. शस्त्रक्रिया अडल्या, बारावीच्या उत्तरपत्रिका पडून राहिल्या, त्यावरून वृत्तपत्रांनी टीकाही केली. संप मात्र सात दिवस टिकला.

या रेट्यामुळे केंद्राला हलावे लागले. २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर झाली, १ एप्रिल २०२५ पासून अमलात आली. पंचवीस वर्षे सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, दहा वर्षे झालेल्यास किमान दहा हजार, कुटुंबास ६० टक्के. निश्चित निवृत्तिवेतन अशक्य आहे असे वीस वर्षे ऐकविणाऱ्यांनी ते शक्य असल्याची ही कबुली दिली, हे आंदोलनाचे यश कमी लेखू नये. पण १० टक्के कपात कायम आहे; आणि जन्मभर कापलेला तो पैसा कर्मचाऱ्याच्या हाती परत येत नाही, सहामाहीच्या हिशेबाने मिळणारी एक लहानशी रक्कम तेवढी येते. जुन्या योजनेत कर्मचाऱ्याचा भविष्य निर्वाह निधी त्याचा त्याला मिळे आणि निवृत्तिवेतन वेगळे मिळे. निम्मे हा शब्द दोन्हीकडे सारखा, हिशेब निराळा.

भिंत घालणाऱ्यांनाही कधी कधी ती चुकीच्या जागी पडल्याचे मान्य करावे लागते. २२ डिसेंबर २००३ पूर्वी जाहिरात निघालेल्या जागांवर ज्यांची निवड झाली, पण सरकारी दिरंगाईमुळे जे २००४ मध्ये रुजू झाले, त्यांनी न्यायालयांत वर्षानुवर्षे झगडून विकल्प मिळविला. केंद्राने तो आदेश ३ मार्च २०२३ रोजी काढला. महाराष्ट्रानेही २०२४ च्या आरंभी तसाच निर्णय घेतला. असाच प्रकार ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांचा. वर्षभर काम करून मिळविलेली वेतनवाढ १ जुलैला देय, आणि माणूस ३० जूनला निवृत्त. म्हणून वाढ बुडाली, आणि तिच्याबरोबर निवृत्तिवेतनाचा तेवढा भागही. केलेल्या कामाची वाढ एका दिवसासाठी नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगेपर्यंत किती जणांनी ती सोडून दिली असेल!

आणि आता २०२५. अंदाजपत्रकाबरोबर येणारे वित्त विधेयक करांविषयी असते, अशी सर्वसाधारण समजूत. मार्च २०२५ मध्ये लोकसभेत त्यावर आलेल्या सरकारी दुरुस्त्यांत निवृत्तिवेतनाविषयी एक नवा भाग घालण्यात आला आणि २९ मार्चला त्याचा कायदा झाला. त्यात काय आहे? निवृत्तिवेतनधारकांत भेद करण्याचा, त्यांचे गट पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे आणि तो नेहमीच होता असे मानले जाईल. निवृत्तीची तारीख हा त्या भेदाचा आधार असू शकतो. आणि हे सारे १ जून १९७२ पासून लागू समजावे. म्हणजे नाकरा निकालाच्या दहा वर्षे मागे जाऊन त्याच्या पायाखालची जमीन काढण्यात आली. अर्थमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले की ही केवळ जुन्या नियमांची पुष्टी आहे, कोणाचेही निवृत्तिवेतन घटणार नाही. आज घटणार नाही, हे खरे असेलही. मग पन्नास वर्षे मागून भेद करण्याचा अधिकार कशाकरिता हवा आहे?

त्याचे उत्तर आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेत शोधावे लागते. न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाला नोव्हेंबर २०२५ मध्ये जी कार्यकक्षा देण्यात आली, तीत कर्मचाऱ्यांच्या अंशदानावाचून चालणाऱ्या निवृत्तिवेतन योजनांचा ‘निधीविना’ पडणारा खर्च विचारात घ्यावा, असे सांगितले आहे. नाकरा निकालातील तो मुद्दा येथे आठवावा. निधी नाही, म्हणूनच निवृत्तांत भेद करण्याचे कारण नाही, असे १९८२ मध्ये न्यायालय म्हणाले होते. तोच निधीचा अभाव आता दोष म्हणून आयोगापुढे मांडला गेला आहे. निवृत्तिवेतन घेणारे केंद्राचे सुमारे पासष्ट लाख निवृत्त आणि त्यांच्या विधवा पुढच्या वेतनवाढीत कोठे बसणार, हे या एका शब्दावर अवलंबून राहील. सैन्यदले २००४ मध्ये वगळली होती, हा दिलासाही जून २०२२ च्या अग्निपथ योजनेने संपविला. चार वर्षांनी परत पाठविल्या जाणाऱ्या अग्निवीराला निवृत्तिवेतन मुळीच नाही.

अखेरीस, ज्यांच्यासाठी भिंतीची अलीकडची बाजू कधी नव्हतीच, त्यांच्याविषयी. खेड्यातील ग्रामीण डाकसेवक पासष्टाव्या वर्षापर्यंत टपाल वाटतो. तो दिवाणी पद धारण करतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच म्हटले. तरी खात्यातील नियमित पोस्टमनला मिळते ते निवृत्तिवेतन त्याला नाही. १९७५ पासून चालू असलेल्या अंगणवाडीची सेविका ‘मानधनावर’ म्हातारी होते. तिला उपदानाचा हक्क आहे एवढे मान्य व्हावयास एप्रिल २०२२ उजाडावे लागले. नोव्हेंबर महिन्यात निवृत्त मंडळी हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टात आणि बँकेत रांग लावतात. पुष्कळ गावी आता तो डाकसेवकच घरी येऊन म्हाताऱ्याच्या बोटाचा ठसा यंत्रावर घेतो आणि दाखला पाठवितो. त्याच्या स्वतःच्या हयातीचा दाखला पुढे कोणीही मागणार नाही. आठव्या आयोगाच्या कार्यकक्षेत डाकसेवकांचा समावेश करा, ही टपाल कर्मचाऱ्यांच्या संघटनांची मागणी आहे. आयोगाला अहवालासाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. संघटनांची निवेदने त्याच्यापुढे जावयाची आहेत, आणि त्यांत डाकसेवकाचे पान कितवे असेल, हे ठरविणे तूर्त संघटनांच्याच हाती आहे.